गॉर्कीची लांब लहर

२७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियातील बुजानोव्त्सी गावाजवळच्या शेतात अमेरिकेचे एफ-११७ विमान कोसळले. रडारला दिसू नये म्हणूनच ज्याचा आकार ठरवला होता, ते विमान. सर्ब तुकडीकडची नेवा क्षेपणास्त्रे १९६० च्या दशकातल्या रचनेची होती आणि आकाशावर नजर ठेवणारे पी-१८ हे रडारही जुन्या सोव्हिएत घडणीचे. तेव्हापासून ‘जुन्या रशियन रडारने अदृश्य विमान पकडले’ ही कथा जगभर फिरते आहे. ती अर्धी खरी आहे. मी अभियंता नाही, पण उरलेला अर्धा भाग समजून घेण्यासाठी गेली काही वर्षे वाचन करतो आहे. ते वाचन मला व्होल्गाकाठच्या एका शहरात घेऊन गेले.

ते शहर निझ्नी नोवगोरोद. सोव्हिएत काळात त्याचे नाव गॉर्की. १९१८ मध्ये तिथे रेडिओ प्रयोगशाळा स्थापन झाली आणि रेडिओची विद्या त्या मातीत रुजली. जून १९४३ मध्ये जर्मन विमानांनी रात्रीमागून रात्री हल्ले करून तिथला प्रचंड मोटार कारखाना उद्ध्वस्त केला. विमान वेळेत दिसले नाही तर काय होते, हे या शहराला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. युद्धानंतर तिथल्या रेडिओ कारखान्याच्या आश्रयाने वाढलेल्या रचनाकारांच्या गटातून पुढे एक संशोधन संस्था उभी राहिली. आज तिला निझ्नी नोवगोरोद रेडिओतंत्र संशोधन संस्था म्हणतात. शहर परदेशी माणसांना बंद होते. आंद्रेई साखारोव यांना १९८० ते १९८६ नजरकैदेत ठेवले ते इथेच.

या संस्थेचे वैशिष्ट्य एकच: तिने लांब लहर सोडली नाही. १९४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तयार झाल्यावर पाश्चात्त्य देश मोठ्या प्रमाणावर सेंटिमीटर लहरींकडे वळले. लहर आखूड असेल तर लहान अँटेनातूनही अचूक माहिती मिळते. गॉर्कीकरांनी मात्र मीटरमध्ये मोजायच्या लहरींवरच एकामागून एक रडार बांधली: १९५० च्या सुमाराला पी-८, १९५६ मध्ये पी-१२, १९५९ मध्ये पी-१४, १९७० च्या आसपास पी-१८. शेवटच्या तिघांना येनिसेय, लेना आणि तेरेक ही नद्यांची नावे होती. नाटोने मात्र पी-८ आणि पी-१२ यांना ‘नाइफ रेस्ट’, ‘स्पून रेस्ट’ म्हटले, म्हणजे जेवणाच्या टेबलावर सुरी-चमचा टेकवायच्या वस्तूंची नावे!

पी-१८ ची लहर सुमारे दोन मीटरची. तिचा अँटेना आपल्यापैकी अनेकांना ओळखीचा वाटेल. दूरदर्शनच्या काळात घराच्या छपरावर आडव्या नळ्यांचा जो सांगाडा असे, तसे सोळा सांगाडे, आठ-आठच्या दोन ओळींत. सगळे यंत्र ट्रकवर. अशा रडारांचे मोल शत्रूलाही कळत होते. डिसेंबर १९६९ मध्ये इस्रायली सैनिकांनी इजिप्तमधील रास घारिब इथून एक अख्खे पी-१२ हेलिकॉप्टरला टांगून उचलून नेले.

आता मूळ प्रश्न. एफ-११७ चे तिरके पृष्ठभाग काही सेंटिमीटरच्या लहरी भलतीकडे वळवतात, लेप त्या शोषतो. पण लहर दोन मीटरची झाली की तिची लांबी विमानाच्या शेपटी किंवा पंखाच्या टोकाच्या मापाशी जुळू लागते. मग तो भाग स्वतःच अँटेनासारखा वागतो आणि लहर परत पाठवतो. कोनांची कारागिरी फारशी कामी येत नाही. गंमत म्हणजे हे कोन मोजायला अमेरिकनांना उपयोगी पडलेले गणितही रशियातलेच, प्योत्र उफिम्त्सेव यांचे, १९६२ मध्ये मॉस्कोत छापलेले.

मात्र लांब लहरीला मोठी किंमत मोजावी लागते. झोत पसरट असतो. सहा अंशांचा झोत २०० किलोमीटरवर वीस किलोमीटर रुंद होतो. शिवाय पी-१८ उंची सांगत नाही. ‘त्या दिशेला, इतक्या अंतरावर काहीतरी आहे’ इतकेच ते सांगते. त्यावर क्षेपणास्त्र नेमके सोडता येत नाही. ते काम नेवाच्या आखूड लहरींच्या रडारने केले आणि तेही विमान अगदी जवळ आल्यावर. तुकडीप्रमुख झोल्तान दानी यांनी रडार काही सेकंदच चालू ठेवायची शिस्त पाळली, तुकडी सतत जागा बदलत राहिली. अमेरिकन विमाने रोज जवळपास त्याच वाटेने येत होती. माझ्या मते त्या रात्रीचे श्रेय आधी माणसांना, मग यंत्राला.

गॉर्कीच्या संस्थेलाही या मर्यादेची जाण असावी. ती २००२ पासून अल्माझ-अंतेय या सरकारी समूहात आहे. तिच्या अलीकडच्या ‘नेबो-एम’ या संचात मीटर, डेसिमीटर आणि सेंटिमीटर अशा तीन लहरींची रडार वेगवेगळ्या ट्रकांवर असतात. लांब लहर चाहूल घेते, आखूड लहरी नेमके ठिकाण सांगतात. ‘नेबो’ म्हणजे रशियनमध्ये आकाश. आपल्या ‘नभ’ शब्दाचे हे सख्खे भावंड. आणि पी-१८ अजून निवृत्त झालेले नाही. युक्रेनने सोव्हिएत वारशातून मिळालेल्या पी-१८ मध्ये नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली आणि २०२२ नंतर ती रशियन विमानांवरच नजर ठेवू लागली.