उपग्रह दूरध्वनी उपकरणांवरील हौशी प्रयोग

उपग्रह दूरध्वनी उपकरणांवरील हौशी प्रयोग हा बिनतारी संदेशवहनाच्या छंदाचा एक उपप्रकार आहे. सेवेतून बाद झालेले उपग्रह दूरध्वनी, जहाजांवरील संच, त्यांचे ॲन्टेना व प्रवर्धक उघडून त्यांची रचना अभ्यासणे आणि उपयोगी भागांच्या साहाय्याने उपग्रहांचे संकेत ग्रहण करणे, असे त्याचे स्वरूप असते. भारतात असा संच विनापरवाना जवळ बाळगणेच गुन्हा ठरत असल्याने येथे या छंदाला निराळे वळण मिळाले आहे.

पार्श्वभूमी

सागरी दळणवळणासाठी १९७९ साली स्थापन झालेल्या इन्मारसॅटची ‘ए’ सेवा १९८२ पासून २००७ अखेरपर्यंत चालली. ती थांबताच तिचे अवजड संच दूरध्वनी म्हणून निकामी झाले. त्यांचे ॲन्टेना मात्र आजही कामाचे आहेत. ६६ उपग्रहांच्या इरिडियमची सेवा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. उपग्रह टिकले, नव्या मालकांनी सेवाही चालू ठेवली.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथील विक्रम भू-उपग्रह केंद्राचे उद्घाटन २६ फेब्रुवारी १९७२ रोजी झाले; पुढे इन्मारसॅटचे भारतातील भूकेंद्रही तेथेच होते. इरिडियमचे भारतीय प्रवेशद्वार केंद्र पुण्याजवळ दिघी येथे उभारले गेले. त्या गुंतवणुकीतून उद्भवलेल्या इरिडियम इंडिया विरुद्ध मोटोरोला या खटल्यात कंपनीवरही फसवणुकीचा फौजदारी खटला चालू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. दूरध्वनीपेक्षा हा निकालच अधिक दीर्घायुषी ठरला, असे म्हणावे लागते.

कायदेशीर मर्यादा

१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे दंडनीय ठरले. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यातील दहशतवादी ‘कुबेर’ या पळवलेल्या नौकेतून आले आणि त्या नौकेवर थुराया उपग्रह दूरध्वनी सापडला. त्यानंतर सागरी क्षेत्रातील दक्षता वाढली. थुराया व इरिडियमच्या संचांना भारतात परवानगी नाही. वैध मार्ग म्हणजे २०१७ पासून बीएसएनएलमार्फत मिळणारी इन्मारसॅट सेवा. म्हणून भंगारात किंवा परदेशी नातेवाइकाच्या सामानात मिळालेला जुना संच ‘बंदच आहे’ या समजुतीने घरी ठेवणे धोक्याचे आहे. उत्तन, पाली, चौक यांसारखी मच्छीमार गावे ज्या मीरा-भाईंदर महापालिका क्षेत्रात येतात, तेथे किनाऱ्यावरील दक्षतेमुळे हा धोका अधिकच जाणवतो.

अधिनियमातील व्याख्या व्यापक असून ती केवळ प्रक्षेपकापुरती नाही. इतरांचे खासगी संभाषण उलगडणे तर सर्वथा वर्ज्य. अभ्यासासाठी सरळ वाट हौशी बिनतारी परवान्याची आहे. केंद्रीय दूरसंचार विभागाच्या परीक्षेनंतर तो मिळतो आणि त्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे.

ग्रहणाचे तंत्र

इन्मारसॅटचे भूस्थिर उपग्रह १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झ या ‘एल’ पट्ट्यात जमिनीकडे संकेत पाठवतात. हे संकेत उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाचे असल्याने जुन्या संचाचा चपटा ॲन्टेना त्यांना आपोआप जुळतो. त्यानंतर कमी गोंगाटाचा प्रवर्धक आणि संगणकाला जोडायचा स्वस्त सॉफ्टवेअर-आधारित ग्राहक एवढे पुरते. जहाजांसाठी सर्वांना उद्देशून प्रसारित होणारे सुरक्षा व हवामान इशारे या पट्ट्यात असतात. भारताची देहरादूनस्थित जलसर्वेक्षण संस्था नॅव्हएरिया-८ या सागरी क्षेत्राची समन्वयक असल्याने त्यांत अरबी समुद्रासंबंधीचे इशारेही येतात.

मीरा-भाईंदरहून ६४ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रह दक्षिणेकडून सुमारे २५ अंश पश्चिमेस, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंचीवर असतो. इतक्या उंचीमुळे सदनिकेच्या सज्जातून, वरच्या मजल्याचा स्लॅब आड येत असल्याने, तो बहुधा दिसत नाही. इमारतीची गच्चीच हवी आणि त्यासाठी सोसायटीची संमती. डीटीएचची तबकडी मुसळधार पावसात अडखळते, त्यामानाने ‘एल’ पट्ट्याला पावसाचा उपद्रव नगण्य असतो.

इरिडियमची गोष्ट वेगळी. सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरील त्याचा उपग्रह जेमतेम दहा मिनिटांत आकाश ओलांडतो आणि डॉप्लर परिणामामुळे त्याची वारंवारता दोन्ही बाजूंस सुमारे ३५ किलोहर्ट्झपर्यंत सरकते. संदेशाचा एक शब्दही न उलगडता केवळ हे सरकणे आलेखावर नोंदवले, तरी त्यावरून उपग्रहाच्या वेगाचा अंदाज बांधता येतो. पाठ्यपुस्तकातील डॉप्लर परिणाम शाळेच्या गच्चीवर दाखवणारा याहून सोपा प्रयोग क्वचितच सापडेल.