प्रौढांना शिकवणाऱ्यांची शाळा

नीरा नदी ओलांडून शिरवळ गाठले की नायगाव जवळ येते. सावित्रीबाई फुले यांचे हे जन्मगाव साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात असले, तरी पुणे जिल्ह्यातल्या भोरकरांना ते शेजारचेच. दरवर्षी ३ जानेवारीला भोर-वेल्ह्याच्या शाळांमधून सावित्रीबाईंवर भाषणे होतात आणि त्यांत शेणगोळ्यांचा प्रसंग हमखास येतो. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, ही गोष्ट मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते. तेव्हाच्या अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकवायला शिकल्या. पुढे १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. महाराष्ट्रातल्या आधुनिक प्रौढ शिक्षणाच्या आरंभीच एक प्रशिक्षित शिक्षिका उभी आहे, ती अशी. त्यानंतर आपण मोहिमा अनेक काढल्या. शिकवणाऱ्याच्या तयारीकडे मात्र दर वेळी शेवटी लक्ष गेले, आणि तेही अपुरे.

सातारा जिल्ह्यातच १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग ती राज्यभर पसरली. गावातल्या सगळ्या निरक्षर प्रौढांना काही महिन्यांत लिहा-वाचायला शिकवायचे आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. त्या समारंभांनी गावे खरोखर हलली. लोकांनी पदरमोड करून पाट्या, कंदील, रॉकेल जमवले. शिकवण्याचा भार बहुतेक प्राथमिक शिक्षकांवर होता. दिवसभर मुलांना शिकवणारा शिक्षक रात्री प्रौढांसमोर उभा राहायचा, तो मुलांचीच पद्धत घेऊन. उत्साह ओसरल्यावर अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे घसरले. या मोहिमेवर पुढे जी टीका झाली, तिचा मुख्य मुद्दा हाच होता. लोकांना शिकायचे नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणायला जागा नाही. पहिल्या चार महिन्यांनंतर काय करायचे, हे शिकवणाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते.

राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला, तेव्हा ही उणीव ओळखली गेली होती. १५ ते ३५ वयोगटातले दहा कोटी लोक हे लक्ष्य होते. एका केंद्रात तीसच्या आसपास प्रौढ, दहा महिन्यांचा वर्ग आणि शिकवणाऱ्याला महिना पन्नास रुपये मानधन, असा आराखडा ठरला. केंद्रे चालवणाऱ्यांना घडवण्यासाठी राज्याराज्यांत संसाधन केंद्रे उभी राहिली. पुण्यात हे काम भारतीय शिक्षण संस्थेकडे होते. जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली ही संस्था १९७६ मध्ये पुण्याला आली आणि डॉ. चित्रा नाईक यांनी तिला खेड्यांशी जोडले. शाळेबाहेर राहिलेल्या ९ ते १४ वयाच्या मुलामुलींसाठी पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये त्यांनी जो अनौपचारिक शिक्षणाचा प्रकल्प चालवला, त्यातून प्रौढ शिक्षणालाही बरेच शिकता आले. रात्रीचे वर्ग, गावातलीच शिकवणारी व्यक्ती आणि कामाच्या वेळा पाहून ठरवलेले वेळापत्रक ही त्याची अंगे होती. शिकवणाऱ्याच्या हातात पदवी किती मोठी आहे, यापेक्षा तो गावाचा आहे का आणि त्याला वरचेवर आधार मिळतो का, हे चित्राताईंनी महत्त्वाचे मानले. आजही प्रशिक्षणाचा कोणताही आराखडा करताना इथून सुरुवात करावी.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले आणि १९९० मध्ये केरळचा एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर जाहीर झाल्यावर देशभर संपूर्ण साक्षरता अभियानांची लाट उसळली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे आघाडीवर होते. कलाजथे गावोगाव फिरले, पथनाट्ये झाली, हजारो तरुण-तरुणी पाटी-पुस्तक घेऊन वस्त्यांवर गेले. या अभियानात प्रशिक्षणाची एक उतरंड ठरली. जिल्ह्यातल्या साधन व्यक्तींनी मुख्य प्रशिक्षकांना शिकवायचे, त्यांनी स्वयंसेवकांना आणि स्वयंसेवकांनी प्रौढांना. एवढ्या मोठ्या संख्येला दुसरा मार्गही नव्हता. पण ताकात पाणी घालत जावे तसे हे प्रशिक्षण पायरीपायरीला पातळ होत गेले. वरच्या पायरीवर चर्चा, गटकार्य, प्रात्यक्षिक असे सगळे व्हायचे. वाडीवरच्या मुलीपर्यंत पोहोचताना त्यातले एक व्याख्यान आणि एक प्रवेशिका एवढेच उरायचे.

त्याच काळात तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याने एक साधी गोष्ट केली. साक्षरता अभियानातल्या बायकांना सायकल शिकवली. गावोगावी जायचे, सभेला पोहोचायचे, रात्री घरी परतायचे, तर हातात वाहन हवे. हजारो बायका सायकलवर बसल्या आणि अभियानाचे स्वरूपच पालटले. वेल्ह्यासारख्या तालुक्यात या उदाहरणाचा विचार फार गंभीरपणे करायला हवा. इथे कार्यकर्तीची पहिली अडचण अध्यापनशास्त्राची नसते. संध्याकाळचा वर्ग आटोपून पलीकडच्या वाडीतून ती घरी कशी परतणार, इथून ती सुरू होते. या प्रश्नाला हात न घालणारी कार्यशाळा कितीही उत्तम झाली, तरी तिचा उपयोग अर्धाच.

वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार होती, पुणे जिल्ह्यात सर्वांत कमी. भोरची १ लाख ८६ हजारांच्या घरात. तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याच्या वस्त्या विरळ, पाऊस प्रचंड, शेती मुख्यतः भाताची. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा देवघर या धरणांनी खोरी भरली आणि गावे विखुरली. पुरुष रोजगारासाठी पुण्या-मुंबईला गेले. घर, शेत आणि कागदपत्रे बायकांच्या हाती आली. २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती; पुरुषांची ८८.३८ आणि स्त्रियांची ७५.८७. या दोन आकड्यांमधले अंतर अशा डोंगरी गावांत म्हाताऱ्या बायकांच्या अंगठ्याच्या ठशांत दिसते.

जिल्ह्याच्या सरासरीने या भागाचे आणखी एक नुकसान केले. २००९ च्या ८ सप्टेंबरला सुरू झालेली साक्षर भारत योजना ज्या जिल्ह्यांत स्त्री-साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी होती, तिथे मुख्यतः राबवली गेली. तिथल्या लोकशिक्षण केंद्रांवर महिना दोन हजार रुपये मानधनाचे प्रेरक नेमले गेले आणि त्यांच्या प्रशिक्षणाची यंत्रणा उभी राहिली. पुणे जिल्हा त्या निकषात बसणे शक्यच नव्हते. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, बारामती यांच्या साक्षरतेखाली वेल्ह्याच्या वाड्या झाकल्या गेल्या. पुढे २०१८ मध्ये ती योजनाच थांबली आणि इतर जिल्ह्यांतल्या प्रेरकांनी कमावलेला अनुभवही त्यांच्याबरोबर घरी गेला.

सरकारी योजना पोहोचली नाही, तरी या खोऱ्यांत प्रौढांचे शिक्षण थांबले नव्हते. ते दुसऱ्या वाटेने चालू होते, बचत गटांच्या. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने भोर-वेल्हे भागात ग्रामीण स्त्रियांचे काम उभे केले. जिल्ह्याच्या उत्तरेला, खेड तालुक्यात, चैतन्य संस्थेने बचत गट आणि त्यांचे संघ बांधले. पुढे ग्रामीण जीवनोन्नतीचे राज्याचे ‘उमेद’ अभियान आले. या सगळ्यांत एक पद निर्णायक ठरले, गटाचे हिशेब लिहिणारीचे. गटाची पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. पाचवे सूत्र सांभाळायला लिहिता-वाचता येणारी बाई लागते. ती नसेल, तर घडवावी लागते.

हिशेब लिहिणाऱ्या बाईंची प्रशिक्षणे जवळून पाहिली की चांगल्या कार्यशाळेची लक्षणे कळतात. वही खरी असते, रक्कम खरी असते, चूक झाली तर दहा बायकांसमोर उत्तर द्यायचे असते. म्हणून प्रशिक्षणात कोणी पेंगत नाही. महिन्याने पुन्हा एकत्र येणे ठरलेले असते, त्यामुळे अडलेला प्रश्न पुढच्या वेळी विचारता येतो. साक्षरता वर्ग चालवणाऱ्यांना मात्र ही सोय मिळालेली नाही. त्यांना सुरुवातीला एकदा बोलावतात आणि मग त्यांची विचारपूस होते ती अहवाल मागताना.

प्रौढांना शिकवण्यात शिकण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे. पहिली गोष्ट डोळ्यांची. चाळिशी उलटलेल्या बाईला अक्षर ओळखू येत नाही, याचे कारण अनेकदा जवळचे न दिसणे हे असते. ते ओळखून तिला चष्म्यापर्यंत नेणे हे शिकवणाऱ्याचे पहिल्या आठवड्यातले काम. दुसरी गोष्ट हाताची. खुरपे आणि विळा धरून घट्ट झालेल्या बोटांना बारीक पेन्सिल जाचते; जाड खडू, मोठी पाटी, उभ्या-आडव्या रेघा यांपासून सुरुवात केली तर हात मोकळा होतो. अक्षरांचा क्रम अ-आ-इ-ई असाच हवा असे नाही. ग, म, भ, न ही सारख्या वळणाची अक्षरे आधी घेण्याची मराठीतली जुनी रीत प्रौढांनाही मानवते. मग ‘र’ येतो आणि भल्याभल्यांची गाडी अडते, कारण ‘कर्ज’, ‘क्रमांक’, ‘राष्ट्र’ आणि ‘वऱ्हाड’ या चार शब्दांत तो चार रूपांत दिसतो. बँकेच्या फॉर्मवर पहिले दोन शब्द असतातच. हे कोणत्या टप्प्यावर आणि कसे शिकवायचे, यावर अर्धा दिवस घालवणारी कार्यशाळा हवी.

गणिताचे तर उलटेच. आठवडी बाजारात पायलीवर तांदूळ विकणारी बाई तोंडी हिशेबात कोणाला हार जात नाही. जुन्या बायका अजूनही विसाने मोजतात. दोन विसा आणि पाच म्हणजे पंचेचाळीस. तिला बेरीज येत नाही असे समजून सुरुवात केली की तिचा अपमान होतो आणि वर्ग सुटतो. तिला येणारी बेरीज कागदावर कशी मांडायची, एकक-दशकाची घरे कशी पाडायची, एवढेच शिकवायचे असते. शिकवणारी सून आणि शिकणारी सासू, असे नाते अनेक वर्गांत असते. चूक दाखवताना मान कसा राखायचा, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय जमत नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी सुरू केलेली आजीबाईंची शाळा गाजली, ती गुलाबी लुगड्यांमुळे. तिचे खरे मर्म मात्र दुपारच्या वेळेत आणि गावातल्याच शिकवणाऱ्या बाईत होते.

जगभरातला अनुभवही याच दिशेचा आहे. जर्मनीतल्या दोन संस्थांनी मिळून प्रौढ शिक्षकांसाठी ‘ग्लोबाले’ नावाचा अभ्यासक्रम तयार केला, तो प्रौढांना शिकवणे हा स्वतंत्र व्यवसाय मानून. युनेस्कोच्या २०२२ च्या मराकेश परिषदेतही प्रौढ शिक्षकांच्या व्यावसायिक तयारीचा आग्रह धरला गेला.

आपल्याकडे सध्या २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. तरतूद १०३७ कोटी ९० लाख रुपयांची, लक्ष्य पाच कोटी निरक्षरांचे, वय १५ आणि पुढे. जिल्ह्याच्या सरासरीची अट नाही, त्यामुळे वेल्ह्याच्या वाडीलाही जागा आहे, ही जमेची बाजू. शाळा हे केंद्र आणि शिकवणारे स्वयंसेवक. परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी ती झाली, तेव्हा नातवंडांनी आजी-आजोबांना परीक्षेला नेल्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. पण शिकवणाऱ्याला मानधन नाही आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग मोबाइलच्या पडद्यावर आहे. डोंगराआड जिथे रेंजच येत नाही, तिथे ॲपवरचे प्रशिक्षण कोणाच्या कामाचे? २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाला शिक्षक संघटनांनी विरोध केला, त्यामागेही कामाचा भार आणि तयारीचा अभाव ही दोन्ही कारणे खरी होती.

इथे नसरापूरचे महत्त्व येते. पुणे-सातारा महामार्गावरच्या चेलाडी फाट्यावरून आत वळले की नसरापूर, आणि पुढे तोच रस्ता वेल्ह्याकडे जातो. भोरकडे जाणारा कापूरहोळचा फाटाही जवळच. बनेश्वराच्या या गावी बाजार आहे, शाळा आहेत, एसटी आहे. दोन्ही तालुक्यांतल्या कार्यकर्तीला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल असे दुसरे ठिकाण नाही. पुण्याच्या सभागृहात वर्षातून एकदा तीन दिवसांचे शिबिर घेण्यापेक्षा नसरापुरात महिन्याला एक दिवस बसणे कितीतरी पटीने उपयोगी. जून-जुलैची भातलावणी आणि दिवाळीच्या आसपासची कापणी टाळावी. सकाळी प्रत्येकीने आपल्या वर्गातली अडचण मांडावी, दुपारी एखादा पाठ सगळ्यांसमोर घेऊन दाखवावा आणि जाताना नवसाक्षरांसाठी मोठ्या अक्षरांतली चार-दोन पुस्तके घेऊन जावीत. येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळालीच पाहिजे. रोजंदारी सोडून येणाऱ्या बाईकडून फुकट सेवेची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे, आणि तो १९७८ च्या पन्नास रुपयांपासून आजच्या शून्य रुपयांपर्यंत चालत आला आहे.

यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. पंचायत समिती, शाळा, ‘उमेद’चे प्रभागसंघ आणि या भागात मुरलेल्या संस्था एका टेबलाशी बसल्या तर येत्या जानेवारीतच पहिली बैठक होऊ शकते. भोर-वेल्ह्यातून शिकून पुण्यात स्थिरावलेले निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका यांची संख्या मोठी आहे. हिशेबाची वही, बँकेचा फॉर्म, औषधाची चिठ्ठी वाचायला कसे शिकवायचे, हे त्यांच्याइतके चांगले कोण दाखवेल? त्यांनी महिन्यातला एक दिवस नसरापूरसाठी राखून ठेवावा आणि आपल्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तसे आजच कळवावे.