कव्हरच्या मागची नावं

बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' ही एलपी ऑगस्ट १९६६ मध्ये बाजारात आली. कव्हरच्या पुढच्या बाजूला क्लाउस फोरमननं काढलेलं काळ्या शाईचं चित्र आहे, ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मागची बाजू फारसं कुणी वाचत नाही. तिथे पहिल्या बाजूच्या चौथ्या गाण्यापाशी, 'लव्ह यू टू'पाशी, बारीक अक्षरांत एक नाव छापलंय: अनिल भागवत, तबला. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव छापण्याची तेव्हा पद्धत नव्हती. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवणारे लंडनचे नामांकित वादक आले, वाजवून गेले, त्यांची नावं कव्हरवर आली नाहीत. भागवतांचं आलं.

हे नाव माझ्या नजरेला पडायला बरीच वर्षं गेली, कारण ही गाणी मी आधी कॅसेटवर ऐकली. आमचं सिंदी मेघे वर्धा शहराला लागूनच. (नागपूरच्या वाटेवरचं सिंदी रेल्वे ते वेगळं, टपालसुद्धा कधीकधी चुकून तिकडे जातं.) इंग्रजी कॅसेट हवी असली की नागपूर गाठायचं, सीताबर्डीत चौकशी करायची आणि जे मिळेल ते घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. त्या कॅसेटच्या घडीच्या कागदावर गाण्यांची नावं असत, बस. तबला कुणाचा, दिलरुबा कुणाचा, याला त्या कागदावर जागाच नव्हती. पुढे जुन्या एलपी मिळत गेल्या, एका नातेवाइकाचा मुंबईतला अख्खा खोका माझ्याकडे आला, आणि यंदा पावसाळ्यात कपाट रिकामं करून मी सगळं पुन्हा ऐकायला घेतलं. या वेळी प्रत्येक रेकॉर्ड लावताना कव्हर हातात धरून, मागची बाजू वाचत.

'लव्ह यू टू' असं ऐकून बघा. सुरुवातीला सतार नुसती फिरते, लय नसलेली, आपल्या आलापासारखी. मग ती लय धरते आणि तबला आत येतो, सोळा मात्रांचा तीनताल, बऱ्यापैकी द्रुत. भागवतांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की, लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे आयाना अंगडी यांनी त्यांना अचानक फोन करून संध्याकाळी मोकळे आहात का असं विचारलं. कुणाबरोबर वाजवायचं आहे याचा पत्ता नव्हता. न्यायला रोल्स-रॉइस दारात आली तेव्हा त्यांना अंदाज आला. इतक्या आयत्या वेळी गेलेल्या माणसानं जे वाजवलंय त्यात कुठेही पाहुणेपणा नाही. गाणं त्या तबल्यावर उभं आहे.

वर्षभरानं आलेल्या 'सार्जंट पेपर'वर मात्र नाव न छापण्याची जुनी रीत पुन्हा चालू झाली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'विदिन यू विदाउट यू'. जॉर्ज हॅरिसनशिवाय त्यात एकही बीटल वाजवत नाही. दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारे सगळे एशियन म्युझिक सर्कलचे, आणि कव्हरवर त्यांचं एकाचंही नाव नाही. रेकॉर्डला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१७ मध्ये, ती नावं उजेडात आली: अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी. जोशी आणि गज्जर दिलरुब्यावर होते. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन यानं नंतर आठ व्हायोलिन आणि तीन चेलोंचा जो तुकडा जोडला, तो त्या दिलरुब्याच्या मिंडेच्या मागे मागे चालतो. पाश्चात्त्य व्हायोलिनवादकांना स्वर असे घसरवत न्यायला किती कष्ट पडले असतील, ते हेडफोन लावून ऐकलं की कळतं. ज्यांच्यामागे ते चालले ते अण्णा जोशी पन्नास वर्षं निनावी राहिले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच कव्हरची आणखी एक गोष्ट आम्हा वर्धेकरांना जवळची. पुढच्या बाजूच्या त्या प्रसिद्ध गर्दीत महात्मा गांधींचा पुठ्ठ्याचा कटआउट होता. मार्च १९६७ मध्ये फोटो काढला तेव्हा तो तिथे उभा होता. बीटल्सच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआयचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांना भीती वाटली की भारतात लोक दुखावतील आणि डमडमच्या कारखान्यात रेकॉर्ड छापली जाणार नाही. म्हणून गांधीजी रंगवून झाकले गेले. योगानंद, युक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि बाबाजी हे चौघे मात्र राहिले. १९३६ मध्ये गांधीजी ज्या शेगावात राहायला आले आणि ज्याचं पुढे सेवाग्राम झालं, ते आमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे.

या सगळ्या ढिगातली मला सर्वांत प्रिय रेकॉर्ड फारशी कुणाला माहीत नसते. हॅरिसनची 'वंडरवॉल म्युझिक', १९६८. बीटल्सच्या अॅपल कंपनीची ही पहिली एलपी, आणि तिचा बराच भाग मुंबईत, फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्ही स्टुडिओत, जानेवारी १९६८ मध्ये मुद्रित झाला. शिवकुमार शर्मांचं संतूर, आशिष खाँचं सरोद, महापुरुष मिश्रांचा तबला. स्टुडिओला आवाजबंद म्हणावं अशी सोय नव्हती. हॅरिसनच सांगायचा की संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावं लागे, आणि नीट कान दिला तर रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात. मी कान दिला. एका शांत जागी, तंबोऱ्याच्या खाली काहीतरी सरकून जातं. फोर्टमधली संध्याकाळ पन्नासहून अधिक वर्षं त्या खाचांत बसून आहे.

तिथे स्टीरिओ ध्वनिमुद्रण यंत्रही नव्हतं. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन ते कलकत्त्याहून रेल्वेनं घेऊन आले. हावडा-मुंबईची एक वाट आमच्या वर्धा जंक्शनवरून जाते, त्यामुळे ते यंत्र रात्री इथून गेलं असेल का, हा विचार मनातून जात नाही. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून' तिथे घराघरांत पोचवण्यात त्यांचा मोठा हात होता. त्या एलपीच्या पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टॉरी शब्दांवाचून गाते. त्या कामाचे तिला ३० पौंड मिळाले, सहसंगीतकार म्हणून नाव लागायला २००५ उजाडलं, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. माझ्या प्रतीत नेमकी तीच जागा खरखरते. एलपी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरेच घेते, पण सुई आत सरकते तसा खाचेचा घेर लहान होतो, तेवढ्याच वेळाला कमी लांबी मिळते आणि वरचे स्वर फाटू लागतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो. तेव्हा रेकॉर्ड आडव्या रचून ठेवल्या की वाकल्याच समजा. उभ्या, एकमेकींना टेकून, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवायच्या.

'वंडरवॉल म्युझिक'च्या त्याच मुंबईतल्या कामात बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत झालं. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि एस. आर. केंकरे, हार्मोनियमवर रिजराम देसाद. मार्च १९६८ मध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. ही मंडळी आपल्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतली, दुपारी एका स्टुडिओत लता मंगेशकरांच्या गाण्याला आणि संध्याकाळी दुसरीकडे वाजवणारी. आणखी एक नाव केशव साठ्यांचं. मुंबईचा हा तबलजी लंडनला गेला, जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या इंडो-जॅझ प्रयोगात वाजवू लागला आणि १९७७ मध्ये जॉन रेनबोर्नच्या 'अ मेड इन बेडलम'वर पारंपरिक इंग्रजी लोकगीतांना ठेका धरून बसला. ती गाणी तबल्यावर इतकी सहज चालतात की आधी ती कशी वाजवली जात असतील, असा प्रश्न पडतो.

क्वीनविषयी सगळे लिहितात, म्हणून एवढंच: फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि तिथल्या 'द हेक्टिक्स' या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा.

राहिलं लेड झेपलिन. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट ऑक्टोबर १९७२ मध्ये मुंबईत आले, विजय राघव राव यांच्या मदतीनं इथले वादक जमवले आणि 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी नव्यानं मुद्रित केली. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये ते वाजवूनही गेले. ती ध्वनिमुद्रणं चाळीसहून अधिक वर्षं पेटीत पडून होती. २०१५ मध्ये 'कोडा'च्या वाढीव आवृत्तीत ती अधिकृतपणे निघाली. 'फ्रेंड्स'मध्ये तंतुवाद्यांचा तो जाड, जरासा सुरांना ओढत नेणारा पोत मूळ मुद्रणापेक्षा मला जास्त आवडतो. आणि वादकांची नावं? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढंच. ज्यांच्या घरात वडील किंवा आजोबा तेव्हा मुंबईच्या स्टुडिओंत सारंगी, व्हायोलिन, तबला वाजवत होते, त्यांनी जुन्या डायऱ्या, मानधनाच्या पावत्या काढून बघाव्यात. अण्णा जोशींचं नाव सापडलं, ही नावंही सापडू शकतात.