तरुणांचे मानसिक आरोग्य आणि पालकांची भूमिका

लखनौ हे उत्तर प्रदेशाचे प्रशासकीय केंद्र आहे, तसेच ते परीक्षार्थींचेही शहर आहे. अवध व पूर्वांचलातील अनेक मुले-मुली स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत दिसणारे चित्र याहून वेगळे नाही. याच लखनौत, लालबाग भागात, १९५० पासून 'नूर मंझिल' हे मानसोपचार केंद्र आहे. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातही मानसोपचार विभाग आहे. म्हणजे मदतीचे दार शहरात आहे. कठीण असते ते घरापासून त्या दारापर्यंतचे अंतर. ते पार करण्यास मुलांना सर्वप्रथम पालकच साहाय्य करू शकतात.

समस्येचे स्वरूप

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये उत्तर प्रदेशासह १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के, तर महानगरांत १३.५ टक्के आढळले. निरनिराळ्या विकारांबाबत उपचारांतील तूट ७० ते ९२ टक्के होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते व ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. अशा प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. केवळ परीक्षेला दोष देणे योग्य नव्हे.

अपेक्षा जेव्हा कर्ज बनते

अर्थशास्त्रात शिक्षणावरील खर्चास मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणतात. धोरण आखताना ही संकल्पना उपयुक्त ठरते. घरात मात्र ती जपून वापरावी लागते. शेत गहाण ठेवून किंवा दागिने मोडून शुल्क भरले, हे वारंवार ऐकणारा मुलगा स्वतःस कर्जदार समजू लागतो. अपयश आले की आपण कुटुंबाची फसवणूक केली, असे त्याला वाटते आणि तो बोलणे टाळतो. वस्तुतः झालेला खर्च हा बुडीत खर्च होय. पुढील निर्णय त्यावर अवलंबून ठेवू नये, हे अर्थशास्त्राचेच तत्त्व आहे. किती प्रयत्न करावयाचे व त्यानंतरचा पर्यायी मार्ग कोणता, हे तयारीच्या आरंभीच एकत्र बसून ठरविल्यास माघार ही नामुष्की राहत नाही.

पालकांनी काय करावे?

दूर राहणाऱ्या मुलाशी बोलताना पहिला प्रश्न गुणांचा नसावा. झोप, जेवण व मित्रमंडळी यांविषयी असावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश, चिडचिड, एकलकोंडेपणा किंवा आवडत्या गोष्टींत अरुची दिसल्यास त्यास आळस समजू नये. निराशेचे उद्गार ऐकू आल्यास जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे शांतपणे व स्पष्टपणे विचारावे. अशा विचारण्याने तो विचार बळावत नाही. उलट मन मोकळे होते. अशा वेळी मुलास एकटे ठेवू नये, घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत आणि तज्ज्ञांकडे स्वतः सोबत जावे. मुलीच्या विवाहात अडथळा येईल किंवा लोक काय म्हणतील, या भीतीने उपचार लांबवू नयेत.

कायदा आणि सेवा

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने प्रत्येकास शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा व उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरले जाते; त्यामुळे कारवाईच्या भीतीने रुग्णालय टाळू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध असून मराठीतूनही संवाद साधता येतो.

मानसोपचारतज्ज्ञांची संख्या वाढविणे ही शासनाची जबाबदारी आहेच. देशात दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याचे २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे. परंतु सेवा वाढल्या तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा निर्णय घरातच होतो. निकाल काहीही लागला तरी घराचे दार उघडे आहे, हे पालकांनी मुलांस निकालापूर्वीच सांगितले पाहिजे.