भाकरीतलं लोखंड

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आयर्न म्हणजे इस्त्री! रक्तातल्या लोहाची गोष्ट होस्टेलवर कळली, जिना चढताना धापा टाकणाऱ्या रूममेटमुळे. गोळ्या मिळतात हो, पण रोज घेतं कोण?

मग लोह बाजरीतच वाढवलं तर? हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाबरोबर हेच केलं. आयसीटीपी 8203 हा वाण आपल्याकडचे शेतकरी पेरतच होते. त्यातलीच जास्त लोहाची झाडं निवडत 'धनशक्ती' तयार झाली, किलोला सुमारे 71 मिलिग्रॅम लोहाची. 2012 मध्ये तिचं बी बाजारात आलं. हे संकरित नाही, म्हणजे शेतकरी घरचं बी ठेवू शकतो. मला हा भाग सगळ्यात आवडला.

पण दाण्यातलं लोह रक्तात पोचतं का? बाजरीतलं फायटेट ते अडवून धरतं, म्हणून शंका रास्तच. तेव्हा अहमदनगर भागातल्या निवासी शाळेत 12 ते 16 वर्षांच्या मुलांना सहा महिने दोन्ही वेळा भाकरी दिली, काहींना साधी, काहींना लोहवाली. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये निकाल छापला: लोह कमी असलेल्यांपैकी लोहवाली भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता 64 टक्क्यांनी जास्त. 2018 च्या लेखानुसार लक्ष आणि स्मरणशक्तीही सुधारली. (सबमिशनवाल्यांनो, ऐकताय ना?)

त्याच वर्षी बाजरीच्या नव्या वाणांत किलोला किमान 42 मिलिग्रॅम लोह असावं, असं भारतीय कृषी संशोधन परिषदेने ठरवलं. घोडं अडतं ते बाजारात. लोह डोळ्यांना दिसत नाही, मग व्यापारी त्याचा जादा भाव कशाला देईल? आणि आमचे मेसवाले काका पोतं घेताना विचारतात फक्त दर.