येणारा-जाणारा ताप

घरांत कोणास ताप आला म्हणजे वडीलधारी मंडळी प्रथम हिवतापाचें नांव घेतात, मग मुदतीच्या तापाचें, आणि महिना उलटला कीं हलक्या आवाजांत क्षयाचें. हा क्रम अनुभवानें ठरलेला असून आम्हांस तो हंसण्याजोगा वाटत नाहीं. परंतु या यादींत सहसा न येणाऱ्या एका रोगाविषयीं आज लिहावयाचें आहे.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलांतील टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं सुजलेल्या लसिकाग्रंथींचें व प्लीहेचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें त्यांच्याच नांवानें ओळखला जाऊं लागलेला हा रोग म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग होय. ॲम्स्टरडॅमचे पेल व गॉटिंगेनचे एब्स्टाइन यांनीं १८८७ च्या सुमारास त्यांतील एका चमत्कारिक तापाकडे लक्ष वेधिलें. आठपंधरा दिवस ताप चढावा, तितकेच दिवस मुळींच नसावा, आणि पुन्हां चढावा!

इतका नियमित ताप क्वचितच आढळतो; अनियमितपणें येणारा-जाणारा अधिक. घात करितात ते मधले बरे दिवस. त्या वेळीं ज्याचें औषध चालूं असेल, मग तो काढा असो कीं गोळी, त्यास यश मिळतें व घर निश्चिंत होतें.

मानेंत, काखेंत वा जांघेंत न दुखणारी गांठ, अंथरूण भिजविणारा रात्रींचा घाम, सहा महिन्यांत दशांशाहून अधिक घटलेलें वजन, हीं तापाच्या जोडीचीं लक्षणें. क्षयांतही हींच दिसतात. आपल्या देशांत क्षय फार. म्हणून गांठ न तपासतांच त्याचीं औषधें सुरू होतात व महिने निघून जातात. निर्णय होतो तो गांठ काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यानेंच. त्यांत दिसणाऱ्या विशिष्ट मोठ्या पेशी स्टर्नबर्ग यांनीं १८९८ सालीं व डोरोथी रीड या विदुषींनीं १९०२ सालीं वर्णिल्या. सुईनें काढलेला अंश पुष्कळदां अपुरा पडतो. गांठीस शस्त्र लावल्यानें रोग पसरतो ही समजूत निराधार आहे. आणि उपवर मुलीच्या मानेवर व्रण राहील म्हणून तपासणी लांबविणें आम्हांस अक्षम्य वाटतें. कारण हा रोग बहुधा ऐन तारुण्यांत गांठतो, आणि आजच्या औषधांनीं बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होतात.

डॉक्टरांकडे जातांना तापाच्या तारखा व अंश लिहिलेला कागद न्यावा. ताप नव्हता ते दिवसही त्यांत असावेत.