समुद्र किती चढेल, याआधी जमीन किती उंच?

ऑक्टोबर २०१९ मध्ये एक नकाशा जगभर गाजला. २०५० पर्यंत मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली जाईल, असे त्यात दिसत होते. साहजिकच ‘मुंबई बुडणार’ अशी हाकाटी झाली. पण ‘क्लायमेट सेंट्रल’ या संस्थेच्या त्या अभ्यासातली नवी गोष्ट समुद्राची नव्हती, जमिनीच्या उंचीची होती.

तोवर अनेक देशांतल्या किनाऱ्यांसाठी ‘एंडेव्हर’ यानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत केलेली रडार मोजणी वापरली जाई. रडारच्या लहरी बऱ्याचदा जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. खारफुटीच्या शेंड्यांवरून, घरांच्या छपरांवरून परततात. म्हणजे नकाशा छपराची उंची सांगतो आणि आपण ती अंगणाची समजतो. सखल किनाऱ्यांवर ही चूक सरासरी २ मीटरच्या घरात होती. या शतकात समुद्र जेवढा चढेल असे बहुतेक अंदाज सांगतात, त्याहून ती मोठी!

अमेरिकेच्या किनाऱ्याची विमानातून लेसरने केलेली अचूक मोजणी वापरून संशोधकांनी संगणकाला ही चूक ओळखायला शिकवले. मग आजच भरतीरेषेखालच्या जमिनीवर राहणाऱ्यांचा जगातला आकडा २.८ कोटींवरून ११ कोटींवर गेला.

हे ११ कोटी लोक रोज पाण्यात उभे नसतात. बांध, भिंती, उघाड्या पाणी अडवतात आणि तो नकाशा त्यांचा हिशेब धरत नाही. मुंबईत आणखी एक घोळ होतो. भरतीच्या वेळापत्रकातले ४.५ मीटर सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेले नसतात. त्यांचे शून्य सुमारे अडीच मीटर खाली असते. दोन्ही आकडे थेट जुळवले, तर कोरडी वस्तीही बुडालेली दिसते.

मग अंदाज पडताळायचा कसा? युरोपचा ‘सेंटिनेल-१’ उपग्रह ढगांतूनही पाहतो. संथ पाणी त्याच्या रडारला काळे दिसते, त्यामुळे शेतात शिरलेले पाणी सहज ओळखू येते. दाट वस्तीत मात्र लहरी पाण्यावरून भिंतीवर आदळून परततात आणि तुंबलेली गल्ली उलट उजळ दिसते. शिवाय तो त्याच जागी काही दिवसांनी येतो. भरतीचा कळस तासा-दोन तासांत उतरतो. म्हणून भिंतीवर राहिलेली पाण्याची खूण, तारीख-वेळेसह टिपलेली, आजही पडताळणीत लागतेच.